छत्रीचा थांबा

शुभू, सरक अशी जवळ. तू पुण्यात आणि मी आष्ट्यात, ठाऊक आहे मला, तरी सरक. लांब बसलेल्या माणसाशी मला बोलताच येत नाही. आणि आधी एक चापट खा. दिवाळीला गेलीस ती गेलीस, ‘आजी, जेवलात का’ एवढं विचारायला एक फोन नाही, आणि आता एकदम मेसेज: ‘हलिमाआजी, आम्हाला यंदा धर्मांच्या अभ्यासपद्धती असा पेपर आहे. तुमच्या त्या वाटवे मॅडमबद्दल दोन ओळी पाठवाल का?’

दोन ओळी! अगं, वाटवेबाई नुसत्या स्कूटीवरून उतरायच्या ते सांगायलाच दोन ओळी जातील. आधी गाडी स्टँडला लावायच्या. मग स्टँड नीट लागलंय का म्हणून गाडी हलवून बघायच्या. गाडी पडायची. मग मी शिवणाच्या मशीनवरून उठून पळायचे, समोरचा पानवाला पळायचा, आणि बाई आम्हालाच विचारायच्या, ‘तुम्ही दोघं एकदम धावलात, हे तुमचं आधी ठरलेलं असतं का?’

त्या सांगलीच्या एका कॉलेजात शिकवायच्या. मूळच्या वाईच्या. वडील तिथं घाटावर पूजा सांगायचे. माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या झगा शिवायला. म्हणाल्या, ‘खिसेच खिसे असलेला झगा हवा. पेन एकात, रेकॉर्डर एकात, गूळ-शेंगदाणे एकात आणि एक खिसा रिकामा.’

‘रिकामा कशाला?’

‘काय सापडेल ते आधी कुठं माहीत असतं?’

शिवला बाई मी. खाकी, गुडघ्याखाली येणारा. तो घालून निघाल्या की पोस्टमन आणि जादूगार यांच्या मधलंच काहीतरी चाललंय असं वाटायचं. माप घेताघेता मी विचारलं, ‘तुम्ही करता काय?’

‘धर्माचा अभ्यास.’

‘म्हणजे कीर्तन?’

‘नाही हो.’

‘मग पूजा सांगता?’

‘ते बाबा. मी पूजा करणाऱ्या माणसांकडे बघते. काय करतात, कसं करतात, आणि का म्हणून विचारलं तर काय सांगतात.’

‘आणि देवाकडं कोण बघतं?’

‘बाबा अगदी हेच विचारतात!’ म्हणाल्या आणि हसल्या. त्यांचं हसणं म्हणजे कुकर. बराच वेळ आतल्या आत खदखद, खांदे हलणार, डोळ्यांत पाणी येणार, आणि मग एकदम शिट्टी. दुकानातली गिऱ्हाइकं दचकायची.

बाई आष्ट्यात आल्या त्या आमच्या पीरसाहेबांसाठी. गावाबाहेर उसाच्या रानात चिंचेखाली मजार आहे ती तू पाहिलीच आहेस. तिथली दिवाबत्ती बघणारे मुजावर रमजानचाचा. उरसाला मजारीवर चढवायच्या संदलाचं, म्हणजे चंदनाच्या लेपाचं, ताट चाचांच्या घरातून निघतं, पण त्याच्यापुढं ढोल वाजवायचा मान आटपाडीकडून येणाऱ्या धनगरांचा. बिरूआण्णा त्यांचे म्होरके. ते येतात, भंडारा उधळतात, मेंढरं मजारीभोवती फिरवतात, आमच्या पंगतीत बसून मलिदा खातात आणि जातात. आमच्या आज्यापणज्यांपासून हे चाललेलं. यात विचारण्यासारखं काही आहे, हे आम्हाला बाई येईपर्यंत कळलंच नव्हतं.

पहिल्याच दिवशी गंमत. मजारीवर जायचं तर डोकं झाकायचं. बाईंकडे ओढणी नाही, रुमाल नाही. पण डोक्यावर हेल्मेट होतं, ते त्या काढायलाच विसरलेल्या. तशाच चपला काढून, हेल्मेटसकट हात जोडून आत. बायका पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. रमजानचाचांनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं आणि म्हणाले, ‘डोकं झाकलंय ना? झालं तर.’

त्यांचा मुलगा म्हणाला, ‘अब्बा, हेल्मेट चालतं व्हय?’

‘का न चालायला? ओढणीपेक्षा जास्त झाकतंय.’

‘पण आदबीचं काय?’

‘अरे, आदब मनात असती का डोक्यावर?’

‘मनात असती तर मग झाकायचंच कशाला?’

झालं, बापलेकांची जुंपली. तिथं नवस फेडायला आलेला एक गूळवाला व्यापारी मध्ये पडला, दोन म्हाताऱ्या मध्ये पडल्या. आणि बाई? हेल्मेटची काच वर करून उभ्या, चेहरा असा फुललेला की जशी काही ईद आणि दिवाळी एकाच दिवशी आली. नंतर मला म्हणाल्या, ‘हलिमाबी, नियम मोठा की नियमामागचा अर्थ, यावर आमच्याकडे जाडजूड ग्रंथ आहेत. इथं पाव तासात झालं सगळं!’

दुपारी माझ्या स्वयंपाकघरात यायच्या. कांदे चिरू लागायच्या, वाईट चिरायच्या, आणि एकेका कांद्याला एकेक विद्वान सांगायच्या. एक म्हणतो माणूस विजेला घाबरला, मरणाला घाबरला आणि त्यातनं धर्म आला. दुसरा म्हणतो, छे, भीती नाही. माणसं एकत्र येऊन नाचतात, जेवतात तेव्हा जे अंगात भरतं ना, त्यालाच ती देव म्हणतात. तिसरा म्हणतो, धर्म धर्म म्हणून तुम्ही ज्याला म्हणता तसं वेगळं काही नव्हतंच, अभ्यास करणाऱ्यांनीच पाट्या लावल्या. ‘आणि तुम्ही काय म्हणता?’ असं मी विचारलं की सुरी खाली ठेवायच्या, दोन्ही तळवे चेहऱ्याच्या दोन बाजूंना असे वाकडे धरायच्या आणि म्हणायच्या, ‘माझं मत मी कंसात ठेवलंय.’

ही म्हणे एक पद्धत आहे. अभ्यासाला बसताना आपली श्रद्धा, आपला संशय, सगळं कंसात टाकायचं आणि समोरच्याला जे दिसतंय ते त्याच्या डोळ्यांनी बघायचं. पद्धत चांगली असेल, पण आष्ट्यात तिचं जे झालं ते विचारू नकोस. माझी जाऊ नवऱ्याला ताट वाढताना तळवे वाकडे करून म्हणायची, ‘राग कंसात ठिवलाय. गुमान जेवा.’ रिक्षावाले सुट्टे पैसे कंसात ठेवायला लागले. बाईंना हे कळलं तेव्हा कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.

पण त्यांची खरी जोडी जमली ती बिरूआण्णांशी. बाईंना मेंढरांची भीती. मेंढरू जवळ आलं की त्या माझ्या मागं. माझ्या खांद्यावरून रेकॉर्डर पुढं करून विचारायच्या:

‘आण्णा, मेंढरं मजारीभोवती का फिरवता?’

‘फिरवत्यात म्हणून.’

‘कधीपासून?’

‘आधीपासनं.’

‘आधी म्हणजे किती?’

‘तुमी इचारायच्या आधीपासनं.’

मग बाईंनी सांगलीत एक व्याख्यान दिलं. ते कुणीतरी मोबाइलवर घेतलं, ते फिरत फिरत पार आटपाडीला पोचलं. पुढच्या उरसाला बाईंनी तोच प्रश्न विचारला. बिरूआण्णांनी फेटा सारखा केला, घसा खाकरला. ‘त्येचं आसं हाय बाई, कळपाचं आन् मान्साचं नातं वर्सातनं एकदा नव्यानं बांधलं जातंय.’

बाई हरखल्या. रेकॉर्डर आणखी पुढं केला. आणि मग हळूहळू चेहरा उतरला. ‘आण्णा, हे माझंच वाक्य आहे.’

‘व्हय की. ब्येस हाय. आमी ठिवलं त्ये.’

आता मूळ गोष्टीकडे येते. पुण्यात बाईंचे एक सर होते, मोठे विद्वान. त्यांनी बाईंना शिकवलं होतं की अभ्यासक म्हणजे खिडकीची काच. पलीकडचं दिसलं पाहिजे, काच दिसता कामा नये. बाईंनी ते इतकं मनावर घेतलेलं की मिरवणुकीत कधी पाऊल टाकायच्या नाहीत. पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर एक जागा धरायची आणि खांबासारखं उभं राहायचं. उन्हं तापलेली असायची म्हणून डोक्यावर छत्री. सांगलीच्या बाजारात मिळालेली, पिवळीधमक, हळदीच्या एका व्यापाऱ्याची जाहिरात छापलेली.

नेमका तिथंच रस्ता अरुंद. पहिल्या वर्षी मिरवणूक आली आणि ढोल छत्रीला अडला. दुसरं कुणी असतं तर बाजूला झालं असतं. बाईंना वाटलं, आपण हललो तर आपण मध्ये पडलो. म्हणून त्या आणखी घट्ट उभ्या राहिल्या. बिरूआण्णांना वाटलं, बाईमाणूस उभं आहे, धक्का कसा द्यायचा. म्हणून तेही उभे. ढोल गप्प, ताशा गप्प. शेवटी आण्णांनी ढोल खाली घेतला, वाकून छत्रीखालून गेले. मागचे सगळे तसेच वाकून गेले.

दुसऱ्या वर्षी बाई जरा मागं सरून उभ्या राहिल्या, तरी ढोल थांबला. सगळे छत्रीखालून वाकून गेले. त्याच्या पुढच्या वर्षी एका लेकुरवाळीनं रडणारं पोर उन्हातनं उचलून छत्रीच्या सावलीत धरलं. ते पोर रडायचं थांबलं, आणि एवढं पुरलं! मग प्रत्येकीचं पोर छत्रीखालून जायला लागलं. कुणी पायाशी तांब्याभर पाणी ओतलं, कुणी नारळ ठेवला. बाई हलता येत नाही म्हणून नुसत्या डोळ्यांनी मला खुणावताहेत, ‘अहो, यांना सांगा! अहो, सांगा!’ आणि मी गिरणीच्या भिंतीला धरून हसतेय. लोक त्या कोपऱ्याला छत्रीचा थांबा म्हणायला लागले.

त्या संध्याकाळी बाई माझ्याकडे आल्या, पण कांदा हातात घेतला नाही. म्हणाल्या, ‘हलिमाबी, हसू नका. माझं पुस्तक होत आलंय. इतक्या वर्षांचं काम आहे. त्यात मी छातीठोकपणे लिहिलंय की या उरसाला बाहेरच्याचा हात लागलेला नाही, ही माणसं आपसांत कशी बांधली गेली ते मी नुसतं पाहिलं. पुढच्या उरसाला सर स्वतः बघायला येणार आहेत. त्यांनी प्रस्तावना दिली तरच छापणारा छापणार. सर आले आणि मिरवणूक माझ्यापाशी थांबली, की संपलं.’

‘मग तुम्ही थांबूच नका तिथं.’

‘तेच ठरवलंय. मी लपणार.’

शुभू, निवृत्तीला आलेली बाई, डॉक्टर पदवी मिळवलेली, गिरणीच्या माळ्यावर पिठाच्या पोत्यांमागं लपली. मला काम दिलं सरांना खाली खुर्चीत बसवायचं. सर उंच, पांढरे, गळ्यात कॅमेरा. चहा घेऊन म्हणाले, ‘शरयू कुठं आहे?’ मी म्हटलं, ‘असतील इथंच.’ खोटं नव्हतं ते.

मिरवणूक आली. ढोल, ताशा, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं, मागं रमजानचाचा संदलाचं ताट डोक्यावर घेऊन, त्यांच्या मागं मेंढरं. कोपऱ्यावर आली आणि थांबली.

‘बाई कुठं हायत?’ बिरूआण्णा.

‘आल्या नाहीत औंदा,’ मी म्हटलं. ‘चला पुढं.’

‘आसं कसं चला? दरसाल थांबतोय. औंदा न्हाई थांबलो आन् काय वंगाळ झालं म्हंजे?’

‘आता थांबलाय की!’

‘थांबलोय, पर कुणापाशी?’

मागची माणसं पुढं रेटायला लागली. बायका पोरं घेऊन छत्री शोधायला लागल्या. दिवस कलायला लागला, आणि मावळायच्या आत संदल चढला पाहिजे. चाचांची मान ताटाखाली दुखायला लागली. ‘बिरू, चल की लेका!’ ‘चाचा, तुमीच सांगा, चुकवू का मी?’ चाचांनाही ‘चुकव’ म्हणवेना. मेंढरं गिरणीत शिरली, पीठ खायला लागली.

आणि वरून, माळ्यावरून, खणखणीत आवाज आला, ‘मी इथं नाहीये! तुम्ही पुढं चला!’

सगळं गाव वर बघायला लागलं.

‘बाई म्हनत्यात, त्या हितं न्हाईत,’ आण्णांनी मागच्यांना सांगितलं.

‘मग बोलतंय कोण?’

मग काय, उतरल्या. पिठानं पांढऱ्याफेक झालेल्या, हातात छत्री. कोपऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि छत्री उघडली. ढोल खाली झाला, आण्णा वाकून गेले, पोरं गेली, चाचा ताटासकट वाकून गेले, आणि मिरवणूक अशी सुसाट सुटली की संदल वेळेवर चढला.

सरांचे डोळे लकाकत होते. त्यांनी आण्णांना मजारीपाशी गाठलंच. ‘हे छत्रीखालून जाणं कधीपासून?’

‘आधीपासनं.’

‘म्हणजे आजोबांच्या वेळी होतं?’

‘तर वो! आज्याच्या पणज्यापासनं.’ आणि हे बाईंच्या समोर!

सर बाईंकडे वळले. ‘शरयू, तुझ्या पुस्तकात हे कसं नाही? अगं, छत्र! पिवळा रंग! हळद! पीर यायच्या आधी इथं एखादी देवी होती, तिचं हे छत्र. तू अंगाला पीठ लावून तिची भूमिका केलीस, तेही त्यांनीच सांगितलं असणार. हे एक प्रकरण घाल. प्रस्तावना मी आज रात्रीच लिहितो.’

मी बाईंकडे बघितलं. नुसतं गप्प बसायचं होतं, शुभू. प्रस्तावना मिळत होती, पुस्तक होत होतं, वर एक देवी फुकट. बाईंच्या ओठांवर पीठ होतं. ते त्यांनी पुसलं. म्हणाल्या, ‘सर, छत्री सांगलीच्या बाजारातली आहे. वर वाचा, “हळद होलसेल” लिहिलंय. देवीबिवी कुणी नाही. मी आहे. मी चुकीच्या जागी उभी राहिले, त्याचं हे झालं.’

सरांनी छत्रीवरची अक्षरं वाचली. मग हळू आवाजात म्हणाले, ‘गप्प बसली असतीस तर चाललं असतं.’

‘कुणाला, सर?’

सर आल्या गाडीनंच पुण्याला परत गेले. प्रस्तावना आली नाही. छापणाऱ्यानं कागद परत पाठवले. पुढं बरेच दिवस बाई दुकानात यायच्या, स्कूटी पडायची, पण आम्ही दोघं एकदम कसे धावलो ते विचारायच्या नाहीत. मला ते बघवायचं नाही.

आणि एक दिवस गाडी पाडून, हसतच आत आल्या. ‘हलिमाबी! तुम्ही माप घ्यायला टेप काढलीत की गिऱ्हाईक काय करतं?’

‘पोट आत घेतं.’

‘आणि झगा कुठल्या पोटाचा शिवता?’

‘सोडलेल्या. नाहीतर उसवतो.’

‘मी इतकी वर्षं आत घेतलेल्या पोटाचं पुस्तक लिहीत होते हो!’ आणि शिट्टी झाली. काय बरं वाटलं म्हणून सांगू मला.

सगळं पुन्हा लिहिलं त्यांनी. पहिलं प्रकरण छत्रीच्या थांब्याचं. त्यात स्पष्ट लिहिलंय, ‘अभ्यासक म्हणजे काच, असं मला शिकवलं होतं. मी रस्त्यातला अडथळा निघाले.’ प्रथा कशी जन्मते हे शोधत लोक जगभर जुनी दप्तरं धुंडाळतात, आणि आपल्याला ती आपल्याच पायाशी जन्मताना दिसली, आणि आपण ती झाकायला निघालो होतो, असंही लिहिलंय. सांगलीच्या एका लहान छापखान्यानं प्रस्तावनेशिवाय छापलं. तुझ्या पेपराला ते वाच, माझ्याकडे प्रत आहे.

पण बाईंचं समाधान होईना. उरसाच्या आदल्या दिवशी चिंचेखाली सगळ्यांना बसवून त्यांनी ते प्रकरण वाचून दाखवलं आणि हात जोडून म्हणाल्या, ‘हा थांबा जुना नाही. माझ्यामुळं झालाय. उद्यापासून थांबू नका.’

सगळे बिरूआण्णांकडे बघायला लागले. आण्णा तंबाखू मळत होते. म्हणाले, ‘बाई, तुमी सांगायचं त्ये सांगितलं. लय खरं बोलला. आता थांबायचं का न्हाई, ह्ये आमचं हाय.’

दुसऱ्या दिवशी बाई छत्री न घेता आल्या. कोपऱ्यावर नाही, माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभ्या. झगा होता अंगात, पण रेकॉर्डर, पेन काहीच काढलेलं नव्हतं. मिरवणूक आली. ढोल थांबला. छत्री नव्हती, तरी एकेक माणूस वाकून त्या रिकाम्या जागेवरून पुढं गेला. पोरं हसत वाकली, म्हातारे गुडघे धरून वाकले. मी बाईंना म्हटलं, ‘आता काय लिहिणार?’ त्यांचे खांदे हलायला लागले. कुकर आत खदखदत होता की रडत होता, मला कळलं नाही.

बिरूआण्णा वाकून पलीकडं गेले आणि मागं वळले. ‘चला की बाई.’

‘मी?’

‘मग कोण? हुबं ऱ्हाऊन लय बगितलंसा.’

बाईंनी माझा हात घट्ट धरला, मग सोडला, त्या जागेवर जाऊन वाकल्या आणि मिरवणुकीत शिरल्या. कधी नाही ते. दोन्ही बाजूंना मेंढरं, आणि बाई मध्ये, किंचाळत आणि हसत. कुणीतरी डोक्यावर भंडारा टाकला. एक चप्पल निघून रस्त्यातच राहिली. मी ओरडले, ‘बाई, चप्पल!’ त्यांनी वळून बघितलं नाही. उसाच्या वळणापर्यंत तो खाकी झगा दिसत होता, पिवळा होत होत. मग मेंढरांची धूळ आली आणि त्यात कोण कुठलं ते काही कळेना.

त्यानंतर त्या निवृत्त झाल्या. आता वाईला भावाकडे असतात, गुडघ्यांनी धरलंय, उरसाला येणं होत नाही. फोनवर मात्र तासभर बोलतात आणि शेवटी विचारतात, ‘ती शुभू काय शिकतेय? तिला माझ्याकडे घेऊन या.’ तेव्हा पोरी, परीक्षेचं निमित्त सांगू नकोस. या रविवारी निघ, माझ्याकडे दोन दिवस राहा, पोटभर जेव, आणि मग आपण दोघी एसटीनं वाईला जाऊ. मी मलिद्याचा डबा भरून ठेवते. लवकर ये गं.